सामना कुणाच्या अंगणात? शिकागोच्या सेंट सबीना धर्मग्रामाचं प्रकरण

मे २००१. शिकागोच्या दक्षिण भागातल्या कॅथलिक धर्मग्रामांच्या एका क्रीडा लीगपुढे एक अर्ज आला होता. धर्मग्राम म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाविकांचा समुदाय, इंग्रजीत पॅरिश. सेंट सबीना या धर्मग्रामाला आपल्या शाळेतल्या मुलामुलींचे संघ त्या लीगमध्ये उतरवायचे होते. मागणी एवढीच होती. मुलं दहा ते चौदा वर्षांची, शाळा कॅथलिक, शहर तेच, महाधर्मप्रांतही, म्हणजे आर्चबिशपांच्या अखत्यारीतला प्रदेशही, तोच. लीगने अर्जावर मतदान घेतलं. ९ मतं बाजूने पडली, ११ विरोधात. अर्ज नामंजूर.

लीगचं नाव साउथसाइड कॅथलिक कॉन्फरन्स. तिच्यात वीसेक धर्मग्रामं होती आणि त्यांतली बहुतेक गोऱ्यांची. सेंट सबीना जवळजवळ संपूर्ण कृष्णवर्णीयांचं. नकाराचं कारण वर्णाचं सांगितलं गेलं नाही, सुरक्षिततेचं सांगितलं गेलं. त्या वस्तीत सामन्याला जायचं म्हणजे आमच्या मुलांच्या, पालकांच्या जिवाची हमी कोण देणार, असा तो मुद्दा होता.

मी वसईत धर्मग्रामाच्या मुलांचे सामने भरवणाऱ्यांमध्ये बरीच वर्षं आहे. मैदान आखणं, पाण्याची पिंपं भरणं, पंच शोधणं, रडणाऱ्या गोलकीपरला समजावणं, हे सगळं केलं आहे. म्हणून हे प्रकरण वाचताना मला ते दूरच्या देशाचं वाटलं नाही. चर्चने मुलांसाठी खेळ सुरू केले की सगळे खूश असतात. फोटो निघतात, फादर पहिला चेंडू टाकतात. पण दोन धर्मग्रामांनी मिळून खेळ चालवायचा ठरवला, की एक प्रश्न येतोच: सामना कुणाच्या अंगणात? शिकागोत घोडं नेमकं इथेच अडलं. म्हणून हे प्रकरण मुळापासून मांडतो.

एक सामना तुमच्याकडे, एक आमच्याकडे

आधी ही लीग चालते कशी ते पाहू. शिकागोत जवळपास प्रत्येक जुन्या धर्मग्रामाजवळ स्वतःची प्राथमिक शाळा असे आणि बऱ्याच ठिकाणी एक बंदिस्त हॉल. त्याच हॉलमध्ये बास्केटबॉल, त्याच हॉलमध्ये मिस्सा या प्रार्थनाविधीनंतरचा चहा, त्याच हॉलमध्ये नाताळचं नाटक. अशा हॉलमध्ये एका अंगाला रंगमंच असतो आणि सामन्याच्या दिवशी त्याच्या कडेला पाय सोडून धाकटी भावंडं बसलेली असतात. भिंत कोर्टाच्या रेषेला इतकी खेटून, की धावत येणारं पोर आदळू नये म्हणून तिच्यावर गाद्या बांधाव्या लागतात. प्रशिक्षक म्हणजे कुणाचा तरी बाप, दिवसभराची नोकरी उरकून आलेला. गुण लिहिणारी कुणाची तरी आई. दाराशी टेबल टाकून खाऊ विकतात आणि त्या पैशांतून पुढच्या वर्षीचे टी-शर्ट येतात.

अशा लीगचा गाभा म्हणजे आलटून पालटून यजमानपण. एक सामना तुमच्या हॉलमध्ये, दुसरा आमच्या. त्यामुळे लीगमध्ये येणं म्हणजे एका कोष्टकात नाव लागणं एवढंच राहत नाही. वर्षातून काही शनिवार-रविवार दुसऱ्याच्या दारात गाडी लावायची, त्यांच्या बाकावर बसायचं, त्यांचा खाऊ विकत घ्यायचा. माझ्या मते चर्चच्या खेळांचा खरा उपयोग इथेच आहे. बास्केटबॉल शिकवायला कुठलाही क्लब पुरतो.

शिकागोला ही गोष्ट नवी नव्हती. बर्नार्ड शील या सहायक बिशपांनी १९३० मध्ये तिथे कॅथलिक युथ ऑर्गनायझेशन सुरू केली. ती मंदीची सुरुवात होती. रिकामे हात, रिकामे रस्ते आणि टोळ्यांकडे ओढली जाणारी पोरं. शील स्वतः शिकागोत वाढलेले, तरुणपणी उत्तम बेसबॉल खेळलेले आणि पुढे तुरुंगात कैद्यांचे धर्मगुरू म्हणून काम केलेले. मुलं तुरुंगापर्यंत कुठल्या वाटेने येतात हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांनी बॉक्सिंग आणि बास्केटबॉल हाती घेतलं. धर्मग्रामांचे संघ एकमेकांशी भिडू लागले. बॉक्सिंगचे अंतिम सामने शिकागो स्टेडियमसारख्या मोठ्या ठिकाणी होऊ लागले. आणि महत्त्वाचं म्हणजे दार सगळ्यांना उघडं होतं. प्रॉटेस्टंट आणि ज्यू मुलंही यायची, आणि कृष्णवर्णीय धर्मग्रामांचे संघही इतरांबरोबर खेळायचे.

हे त्या काळात किती अवघड होतं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. याच शहरात जुलै १९१९ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठी पोहणारा यूजीन विल्यम्स हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा गोऱ्यांच्या मानलेल्या किनाऱ्याकडे तरंगत गेला. त्याच्यावर दगड भिरकावले गेले आणि तो बुडून मेला. पुढच्या दंगलीत ३८ माणसं मेली, त्यांत २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरी. दंगलीत हल्ले करत फिरणाऱ्या टोळक्यांमध्ये दक्षिण भागातले तथाकथित ॲथलेटिक क्लब पुढे होते. मुलांना खेळायला दिलं की ती आपोआप चांगली होतात, असं आपण सहज म्हणतो. त्या क्लबांतली पोरंही खेळतच होती. खेळ कुणाशी आणि कुणाच्या छायेखाली, यावर सगळं ठरतं.

चर्चचे हातही स्वच्छ नव्हते. १९१७ मध्ये तेव्हाचे आर्चबिशप मंडेलाइन यांनी सेंट मोनिका हे धर्मग्राम कृष्णवर्णीयांसाठी म्हणून वेगळं ठरवून दिलं होतं. म्हणजे रविवारी वेदीपुढे वेगळे बसणारे कॅथलिक शील यांच्या स्पर्धांमध्ये एका कोर्टावर येत होते. १९५४ मध्ये शील पायउतार झाले आणि त्यांनी उभा केलेला हा पसारा विस्कटला. २००१ च्या मतदानाकडे पाहताना हे लक्षात ठेवायला हवं, कारण ११ विरुद्ध ९ ने नाकारलेली गोष्ट त्या शहरात सत्तर वर्षांपूर्वी करून झाली होती.

सबीनाचा हॉल

सेंट सबीना धर्मग्राम १९१६ मध्ये सुरू झालं. शहराच्या दक्षिणेला ऑबर्न ग्रेशम नावाच्या वस्तीत, ७८ व्या रस्त्यालगत. तेव्हा ते पक्कं आयरिश होतं. पोलीस, ट्राम कंपनीतले नोकर, कारकून, त्यांची भली मोठी कुटुंबं. त्या काळी दक्षिण शिकागोत माणूस आपला पत्ता रस्त्याच्या नावाने सांगत नसे, धर्मग्रामाच्या नावाने सांगे. मला हे समजायला काही अवघड गेलं नाही. आमच्याकडेही एखाद्याचं घर विचारलं की आधी धर्मग्राम सांगतात, मग आळी.

१९३७ मध्ये तिथे कम्युनिटी सेंटर उभं राहिलं. मंदी संपलेली नव्हती, तरी लोकांनी ते उभं केलं. तिथे बास्केटबॉल होताच, पण नाव झालं ते रोलर स्केटिंगचं आणि रविवारच्या नृत्यसंध्यांचं. शहराच्या दूरदूरच्या भागांतून कॅथलिक तरुण-तरुणी यायची. कितीतरी लग्नं तिथे जुळली. चाकांच्या बुटांचा घरघराट, गुळगुळीत लाकडी जमीन, कडेला उभ्या राहून पाहणाऱ्या आया. एका चर्चने तरुणांना हक्काची जागा दिली की काय होतं, याचा तो नमुना होता.

मग शहर सरकू लागलं. दक्षिणेकडच्या राज्यांतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांना शिकागोत मोजक्याच भागांत घर मिळे. बँका त्या भागांना कर्ज देत नसत आणि सरकारी गृहकर्ज योजनाही असे भाग वगळत. गर्दी वाढली की माणसं शेजारच्या वस्तीत सरकणारच. दलालांनी त्यातही पैसा काढला. गोऱ्या घरमालकाला घाबरवायचं, घर पडत्या भावात घ्यायचं आणि कृष्णवर्णीय कुटुंबाला चढ्या भावाने विकायचं. घराचा भाव म्हणजे कामगार माणसाची आयुष्यभराची पुंजी. त्या भीतीत द्वेष होता तसा हिशोबही होता, आणि दोन्ही एकमेकांवर पोसत होते.

सबीनाचे तेव्हाचे प्रमुख धर्मगुरू मॉन्सिन्यॉर जॉन मॅकमहन यांनी लोकांना थांबवायचा मनापासून प्रयत्न केला. १९५९ मध्ये त्या भागातली कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट चर्चेस एकत्र येऊन एक नागरी संघटना उभी राहिली. तिच्यामागे सॉल अलिन्स्की या प्रसिद्ध संघटकाची मदत होती. नवी कुटुंबं येऊ द्या, जुनी जाऊ नका, शेजार टिकवा, असा तो प्रयत्न होता. मला या माणसांबद्दल फार आदर वाटतो, कारण प्रवाहाविरुद्ध उभं राहणाऱ्यांना त्यांच्याच रविवारच्या रांगेतली माणसं तोंडावर बोलत असतात.

ऑगस्ट १९६५ मध्ये त्याच कम्युनिटी सेंटरच्या बाहेर कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांमध्ये बाचाबाची झाली. गोळी झाडली गेली आणि सतरा वर्षांचा एक गोरा मुलगा मेला. त्यानंतर कुणी थांबलं नाही. काही वर्षांत धर्मग्राम रिकामं झालं आणि नव्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी पुन्हा भरलं. जी कुटुंबं गेली, त्यांतली बरीचशी दक्षिण-पश्चिमेच्या वस्त्यांत आणि उपनगरांत गेली. ज्या टापूतली धर्मग्रामं पुढे या लीगमध्ये होती, तोच हा टापू. म्हणजे २००१ मध्ये ‘त्या वस्तीत जायचं कसं’ असं म्हणणाऱ्यांपैकी काहींचे आई-बाप त्याच हॉलमध्ये चाकांच्या बुटांवर फिरले असणार. या एका गोष्टीपाशी मी पुन्हा पुन्हा थांबतो.

तीन मैल

नकाशा उघडून पाहा. शिकागोचे रस्ते सरळ आखलेले आहेत. दक्षिण भागात आठ रस्ते ओलांडले की एक मैल होतो. सबीना ७८ व्या रस्त्याजवळ. बेव्हर्ली ही गोऱ्या मध्यमवर्गाची जुनी वस्ती साधारण ८७ व्या रस्त्यापासून सुरू होते. १०३ व्या रस्त्यापर्यंत गेलं, तरी सबीनापासून जेमतेम तीन मैल. वसई स्टेशनपासून नालासोपाऱ्याला जाण्यासारखं. जिवाची हमी मागितली गेली ती एवढ्या अंतरासाठी.

आणखी एक गोष्ट. शिकागो महापालिकेच्या नोकरांना शहराच्या हद्दीतच राहावं लागतं. त्यामुळे माउंट ग्रीनवूडसारख्या शहराच्या टोकाच्या वस्त्या पोलीस आणि अग्निशमन दलातल्या कुटुंबांच्या म्हणून ओळखल्या जातात. ही माणसं रात्रपाळीला अख्ख्या शहरात फिरतात. रस्ता माहीत नाही किंवा वस्ती माहीत नाही, असं त्या भागात कुणी म्हणू शकत नव्हतं.

तरीही मी त्या पालकांची भीती खोटी म्हणणार नाही. ऑबर्न ग्रेशममध्ये गोळीबार होत होते, टोळ्या होत्या. आईला आपल्या पोराची काळजी वाटणारच. मी स्वतः एकदा पंधरा मुलं टेम्पोत घालून दुसऱ्या गावात सामन्याला नेली होती, तेव्हा तीन घरांतून फोन आले होते: ‘तिथली पोरं मारामारी करतात म्हणे, आमच्याला पाठवू का?’ त्या बायकांना मी रागावलो नाही. फक्त म्हटलं, तुम्हीही चला. दोघी आल्या. मारामारी झाली नाही, सामना आम्ही हरलो, आणि त्या गावच्या बायकांनी आमच्या मुलांना सरबत दिलं.

भीती खरी असली, तरी तिच्यावरून कुणी काय ठरवायचं हा वेगळा प्रश्न. सबीनाची मुलं त्या वस्तीत दोन तासांच्या सामन्यापुरती येत नव्हती. तिथेच झोपत होती, तिथूनच शाळेत जात होती. पाहुण्या मुलांनी महिन्यातून एकदा यायला जी जागा धोक्याची, तिथे रोज राहणाऱ्या मुलांना तर संध्याकाळच्या सुरक्षित हॉलची, चार मोठ्या माणसांच्या नजरेची गरज कितीतरी जास्त. सुरक्षिततेचा मुद्दा मनापासून मांडला असता, तर त्याच मुद्द्याने सबीनाला आधी आत घ्यायला हवं होतं.

आणि धोका नेमका कुणाला कुठे, याचा शहराला ताजा अनुभव होता. मार्च १९९७ मध्ये ब्रिजपोर्टच्या परिसरात, गोऱ्यांच्या भागात, सायकलवर गेलेल्या तेरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाला गोऱ्या तरुणांनी मरणाच्या दारात पोहोचेपर्यंत मारलं होतं. देशभर बातमी गेली होती. सबीनाच्या आयांना आपली मुलं लीगच्या इतर हॉलमध्ये पाठवायची होती, आणि हे सगळं माहीत असूनही त्या पाठवायला तयार होत्या. त्यांच्या भीतीबद्दल मात्र कुणी मतदान घेतलं नाही.

सबीनाचे धर्मगुरू मायकेल फ्लेगर स्वतः गोरे, शिकागोच्याच दक्षिण भागात वाढलेले. १९८१ पासून ते या धर्मग्रामाचे प्रमुख. ऑगस्ट १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग घरांच्या हक्कासाठी शिकागोतल्या मार्केट पार्कमध्ये (Marquette Park) मोर्चा घेऊन आले, तेव्हा त्यांना दगड लागला होता. दगड मारणाऱ्या जमावात कॅथलिक चेहरे पुष्कळ होते. फ्लेगर तेव्हा शाळकरी मुलगा होते आणि त्या दिवसाचा उल्लेख त्यांनी आयुष्यभर केला आहे. बोलण्यात तिखट, रस्त्यावर उतरणारा माणूस. वरिष्ठांशीही त्यांचे खटके उडत. अशा माणसाच्या धर्मग्रामाला नाही म्हटलं, तर ते चारचौघांत राहणार नाही, हे उघड होतं.

नकार मागे घेतला गेला, मग

मतदानाच्या जेमतेम दोन महिने आधी, ४ एप्रिल २००१ रोजी, शिकागोचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल फ्रान्सिस जॉर्ज यांनी वंशवादावर एक विस्तृत पत्र प्रसिद्ध केलं होतं. तारीख मुद्दाम निवडलेली, किंग यांच्या हत्येचा स्मृतिदिन. वंशवाद हे पाप आहे, आणि ते माणसांच्या मनात असतं तसं वस्त्यांच्या रचनेत आणि संस्थांच्या सवयींतही असतं, हा त्या पत्राचा गाभा. ते धर्मग्रामांत पोहोचलेलं असताना, त्याच धर्मग्रामांच्या नावाने खेळणाऱ्या लीगने हा नकार दिला.

बातमी देशभर पसरली. कार्डिनलांनी नकार मान्य केला नाही आणि फेरविचार करायला लावला. लीगने निर्णय फिरवून सबीनाला बोलावलं. मग अटी, सुरक्षिततेची व्यवस्था, एकमेकांवरचा विश्वास यांवर उन्हाळाभर घासाघीस झाली आणि २००१-०२ च्या मोसमात सबीनाचे संघ लीगमध्ये खेळू लागले.

हा मोसम पुरता पार पडला नाही. सबीनाच्या मुलांना सामन्यांत वर्णावरून शिव्या ऐकाव्या लागल्या, अशी तक्रार झाली आणि २००२ मध्ये त्यांनी लीग सोडली. ज्यांनी या प्रवेशासाठी झगडा केला त्यांनीच मुलांना बाहेर काढलं. बाहेरच्यांनी यावर पुष्कळ बोलून घेतलं. कुणी म्हणालं, फ्लेगरांना वादच हवा होता. कुणी म्हणालं, लीगने मनापासून घेतलंच नव्हतं. मला आठवतात ती फक्त अकरा-बारा वर्षांची मुलं, ज्यांनी बास्केटमध्ये चेंडू टाकायचा सराव केला आणि मोसमभर वर्तमानपत्रात स्वतःच्या शाळेचं नाव वाचलं.

पाणी कुठे मुरलं

चर्चच्या नावाने, पण चर्चपासून लांब राहून निर्णय घेतले जातात, तेव्हा काय होतं, हे इथे दिसतं. टी-शर्टवर संताचं नाव होतं. लीग चालवणारे मात्र स्वयंसेवक पालक. ही माणसं वाईट होती असं मी म्हणत नाही. दर आठवड्याला मुलांसाठी वेळ काढणाऱ्या माणसाबद्दल मी वाकडं बोलणार नाही. पण कुठल्या मुलांना आपल्यात घ्यायचं, हा धर्मग्रामाचा प्रश्न आहे, स्पर्धेच्या वेळापत्रकाचा नाही. तो धर्मगुरू आणि धर्मग्राम परिषद यांच्यापुढे यायलाच हवा होता, मिस्साच्या प्रवचनात यायला हवा होता. बहुमताने सुटण्यासारखा तो प्रश्नच नव्हता. ११ आणि ९ ही संख्या पाहिली की ते नऊजण आठवतात. ते होते, पण दोन मतांच्या फरकाने निकाल विरोधात गेला असताना नऊजणांचं बरोबर असणं मुलांच्या उपयोगी पडलं नाही.

दुसरं, प्रवेश दिला आणि काम झालं, असं सगळ्यांना वाटलं असावं. इथे मी माझ्या अनुभवातून बोलतो. दोन वस्त्यांची मुलं पहिल्यांदा समोरासमोर येतात, तेव्हा शिवी कधी ना कधी येतेच. बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडात ती घरातून किंवा गल्लीतून आलेली असते. प्रश्न असतो पुढच्या तीस सेकंदांचा. पंच शिट्टी वाजवतो का? प्रशिक्षक स्वतःच्याच खेळाडूला बाहेर बसवतो का? दोन्ही संघांचे मोठे जागेवर एकत्र येतात का, की ‘पोरं आहेत, सोडून द्या’ म्हणून हात झटकतात? हे आधी ठरलेलं असावं लागतं, लिहिलेलं असावं लागतं, आणि पहिल्या सामन्याच्या आधी दोन्हीकडच्या पालकांना एका खोलीत बसवून सांगितलेलं असावं लागतं. आमच्याकडे एका स्पर्धेत जातीवरून एक शब्द उच्चारला गेला होता. तेव्हा नियम नव्हता. पंच तोंड पाहत राहिला, आणि ज्याला तो शब्द लागला तो मुलगा पुढच्या वर्षी आलाच नाही. मी त्याच्या घरी गेलो होतो. त्याच्या वडिलांनी चहा दिला, पण मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. त्यानंतर आम्ही नियम केला, पण त्या मुलासाठी उशीर झाला होता.

तिसरी गोष्ट मैदानाची. सबीनाचे सामने शहरातल्या एखाद्या तटस्थ हॉलमध्ये खेळवले असते तर? अशा प्रकरणांत हा तोडगा नेहमी सुचवला जातो आणि मला तो पटत नाही. तुम्ही आमच्याकडे या, आम्ही तुमच्याकडे येणार नाही, असा त्याचा अर्थ होतो. यजमान होण्याचा मान एकाच बाजूला राहतो. सबीनाला नुसतं खेळायला मिळणं पुरेसं नव्हतं. त्यांना पाहुणे घरी बोलवायचे होते, आपल्या हॉलचे दिवे लावायचे होते, आपल्या टेबलावरचा खाऊ विकायचा होता.

शिकागोचा आणि आपला एक जुना धागा इथे सांगायला हवा. क्लिफर्ड मॅनशार्ट हे शिकागो विद्यापीठात शिकलेले मिशनरी १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईत आले आणि त्यांनी नागपाड्यात नेबरहूड हाऊस उभं केलं. शिकागोतल्या सेटलमेंट हाऊसची पद्धत त्यांनी पाहिली होती. कार्यकर्त्याने वस्तीतच राहायचं आणि वस्तीतल्या सगळ्यांसाठी दार उघडं ठेवायचं, ही ती पद्धत. नागपाड्यात मुसलमान, ज्यू, हिंदू, ख्रिस्ती अशी सगळी दाटीवाटीने राहत होती. १९३६ मध्ये टाटांची समाजकार्याची शाळा, म्हणजे आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, याच नेबरहूड हाऊसमध्ये सुरू झाली आणि मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. नागपाडा आजही बास्केटबॉलसाठी ओळखला जातो. चर्चच्या माणसांनी तिथे दार उघडं ठेवताना आधी कुणाचा धर्म विचारला नव्हता. त्याच शिकागोत २००१ मध्ये कॅथलिकांना कॅथलिक मुलांसाठी दार उघडताना मतं मोजावी लागली, याचं मला फार वाईट वाटतं.

सोमवारची रात्र

सबीनाने खेळ सोडला नाही. २०१२ हे वर्ष शिकागोला भयंकर गेलं. वर्षभरात पाचशेहून अधिक खून झाले, त्यांत तरुण कृष्णवर्णीय मुलं फार. त्या सप्टेंबरमध्ये सबीनाच्या बास्केटबॉल कोर्टावर एक स्पर्धा झाली. खेळाडू होते एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांतले तरुण. शिकागोच्याच पश्चिम भागात वाढलेले जुने नामवंत खेळाडू आयझिया थॉमस तिच्या उभारणीत होते. एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या शिकागो बुल्स संघाचे जोकिम नोआ आणि डेरिक रोझ आले. रोझ तर शेजारच्याच एंगलवूडचे. गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्या मोसमात कोर्टाबाहेर असलेला शहराचा लाडका खेळाडू आपल्या गल्लीतल्या पोरांना पाहायला आला होता.

ते एका दिवसाचं राहिलं नाही. पुढे सोमवारच्या रात्री नियमित लीग सुरू झाली. सामन्याला लागणारी शिस्त साधीच होती: वेळेवर यायचं, पंचाचं ऐकायचं, सामना संपल्यावर हात मिळवायचा. एरवी एकमेकांच्या गल्लीत पाऊल टाकू न शकणारी पोरं सबीनाच्या दारातून आत येत, कारण ते दार कुणा एका टोळीचं नव्हतं.

ज्या वस्तीत सामन्याला जायला अकरा धर्मग्रामं कचरली होती, तिथे आता गावभरचे प्रेक्षक, पत्रकार आणि एनबीएचे खेळाडू आपल्या पायांनी येत होते. दिवे लागलेले, पाहुणे बाकांवर बसलेले, आणि यजमान सेंट सबीना.